काचेच्या नळीतला श्वास

या पानावर मी रोज वाचतो. लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

जे घडलं ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या संसारात घडलं. अर्ध्याहून जास्त माझ्या डोळ्यांसमोर झालं. कॉलेजचं नाव तेवढं लिहीत नाही. बाकी नावं तीच आहेत, गावं तीच आहेत.

आणि एक. इथल्या बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. माझ्या गोष्टीत रात्र नाही.

सगळं भर दुपारी झालं. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत आणि एप्रिलात. दारव्हा आणि फुलसावंगी, या दोन गावांत.

तेव्हापासून मला दुपारी घरात एकट्याला बसवत नाही.

मी पियूष. यवतमाळला माझं इन्व्हर्टर आणि यूपीएसचं दुकान आहे. आभाताई माझी मोठी बहीण. फिजिक्समध्ये पीएच.डी. केली, दारव्ह्याच्या कॉलेजात शिकवायला लागली. तिथेच केमिस्ट्रीला साकेत भाऊजी होते. फुलसावंगीचे. घरची कापूस-तुरीची शेती, आईवडिलांना एकुलते एक. लग्न दोघांनी आपल्या मर्जीनं केलं, आणि दोन्ही घरांनी ते आनंदानं लावून दिलं.

ताईचं काम काय होतं ते थोडं सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आकाशात जिथे तारे जन्मतात तिथे गॅसचे थंडगार ढग असतात. त्या ढगांतले रेणू गरगर फिरत असतात, आणि फिरता फिरता रेडिओ लहरी सोडतात. प्रत्येक रेणूच्या लहरी ठरलेल्या. दुर्बिणीवाले त्या पकडतात. पण पकडलेली लहर कोणाची, हे कळायला आधी कोणालातरी जमिनीवर तोच रेणू घेऊन त्याची खूण मोजून ठेवावी लागते.

ते मोजण्याचं काम ताईचं.

त्यातही तिचे रेणू दुर्मिळ. ज्यांच्यातला एखादा अणू नेहमीपेक्षा जड असतो, असे. ती तेव्हा जड पाण्यावर काम करत होती. दिसायला पाणीच. पण आतला हायड्रोजन जड. तेवढ्यानं त्याचं फिरणं बदलतं आणि खूण दुसऱ्याच जागी येते.

तिचं यंत्र कॉलेजच्या मागच्या खोलीत होतं. माणसाहून लांब अशी एक काचेची नळी. पंप लावून आतली सगळी हवा ओढून घ्यायची. मग नमुन्याची नुसती वाफ आत सोडायची. एका टोकानं लहरी पाठवायच्या, दुसऱ्या टोकाला पकडायच्या. पडद्यावर सरळ रेघ दिसते. रेणू जिथे लहर खातो तिथे त्या रेघेत खड्डा पडतो.

तो खड्डा म्हणजे त्या रेणूची सही. दुसऱ्या कोणालाही ती करता येत नाही.

त्या यंत्राचं यूपीएस मीच बसवलेलं. म्हणून मी तिथे जात-येत असे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून आम्ही तिघं त्या खोलीत बसलो होतो. टेबलावर जड पाण्याची एक उरलेली बाटली होती.

"हे कायले ठेवलं?" भाऊजींनी विचारलं.

"फेकायचंय," ताई म्हणाली. "हवा लागली त्याला. आता मोजायच्या उपयोगाचं नाही."

"फेकतेस काहून? मी पिऊन पाहतो."

"काहीतरीच काय!"

"विष हाय का?"

"विष नाही. एवढ्याशानं काही होत नाही. पण..."

ती 'पण' म्हणेपर्यंत त्यांनी चहाच्या ग्लासात ओतून घेतलं आणि पिऊन टाकलं.

"गोड हाय ना बे, पियूष!"

थोडं गरगरलं त्यांना. खुर्चीत बसले, हसत राहिले. दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांना नळीच्या तोंडाशी फुंकर मारायला लावली. पडद्यावर हा एवढा खोल खड्डा! मग मला फुंकायला लावलं. माझ्या वेळी त्याच जागी नुसता ओरखडा उठला. जड पाणी साध्या माणसाच्या श्वासात नसल्यासारखंच असतं.

"हा पियूष," ताई बोट ठेवून म्हणाली. "आणि हा साकेत."

"म्हणजे आता डोळे बांधून गर्दीत उभी केली तरी तू मले ओळखशील," भाऊजी म्हणाले.

"काही दिवस. पाणी पिशील, घाम येईल, तसतसं ते अंगातून उतरेल. आठवड्या-दीड आठवड्यात निम्मं. मग त्याचं निम्मं. दोन महिन्यांत तू आमच्यासारखा साधा."

तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं, ते तेव्हाच शेवटचं.

फेब्रुवारी लागला. एका मंगळवारी दुपारी तास संपवून भाऊजी गाडीनं फुलसावंगीला निघाले. आईच्या गुडघ्यासाठी तेल घेतलं होतं, ते डिक्कीत ठेवलं.

ते घरी पोचलेच नाहीत.

संध्याकाळी गाडी सापडली. गावापासून जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला, पळसाखाली. नीट स्टँडवर लावलेली. चावी गाडीलाच. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मोबाइल आणि तेलाची बाटली डिक्कीत जशीच्या तशी.

आजूबाजूला झटापटीची खूण नाही. रक्त नाही. मातीत जनावराचा ठसा नाही.

माणूस तेवढा नव्हता.

पोलीस आले, वनखात्याची माणसं आली. विहिरींत गळ टाकले, तलावात माणसं उतरवली. आठवडाभर अख्खं गाव नाल्याकाठानं हाका मारत फिरत होतं. काहीच मिळालं नाही.

भाऊजींची आई शकुबाई. मी त्यांना काकू म्हणतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना त्या जड पाण्याचं कळलं. आम्ही तेव्हा फुलसावंगीलाच होतो; काकू ओसरीत सगळ्यांसमोर ताईवर ओरडल्या.

"तूच पाजलं त्याले! तवाच फिरलं माह्या पोराचं डोकं! चालली जा इथून!"

सदाशिवराव काका, म्हणजे भाऊजींचे वडील, त्यांना आवरत होते. पण ताई उठली. माझ्यासोबत दारव्ह्याला परत आली. सासूसुनेचं बोलणं त्या दिवशी तुटलं.

घरात बसवेना म्हणून ती रोज त्या खोलीत जाऊन बसायची.

मग एका दुपारी तिचा फोन आला.

"पियूष, यूपीएसमध्ये काहीतरी झालंय वाटतं. ये बरं."

मी गेलो. पंप बंद होता. नळीच्या सगळ्या तोट्या बंद. आत काहीही नाही, पूर्ण रिकामी. ताई खुर्चीत ताठ बसून भिंतीवरच्या काट्याकडे बघत होती. नळीत हवा किती आहे हे तो काटा दाखवतो. रिकाम्या नळीत तो तळाला पडून राहायला हवा.

काटा हलत होता.

थोडा वर... थोडा खाली.

थोडा वर... थोडा खाली.

मी यूपीएस तपासलं. ठीक होतं. दुसरं आणून लावलं. तरी तेच.

"कुठेतरी गळत असेल," मी म्हणालो.

"गळत असेल तर काटा वर जातो. परत खाली कसा येईल?"

आम्ही दोघं बघत राहिलो. वर... खाली. घाई नाही, गडबड नाही. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं.

खोलीच्या दारात हिरासिंग उभा होता. कॉलेजचा शिपाई, प्रयोगशाळेचं काम तोच बघायचा. तो हळूच म्हणाला, "मॅडम, पंप तर बंद हाय... मग हा आवाज कायचा?"

मी कान दिला.

नळीतून आवाज येत होता. अगदी बारीक. काचेच्या आत कोणीतरी नाकानं श्वास घेत असल्यासारखा.

हिरासिंग त्या दिवसानंतर खोलीच्या आत आला नाही. दारातूनच बोलायचा.

ताईनं यंत्र सुरू केलं. पडद्यावर रेघ आली. सरळ, सरळ, सरळ... आणि त्या जागी खड्डा.

खोल.

तिनं नुसतं बोट ठेवलं. मला सांगायची गरज नव्हती. तो खड्डा मी आधी पाहिलेला होता.

बाहेरची हवा नळीत शिरली असती तर ओरखडा उठला असता. दारव्ह्यात त्या वेळी असा श्वास असलेला कोणीच नव्हता. तसा माणूस आमच्या माहितीत एकच होता.

तिनं नळी बदलली. तोट्या बदलल्या. नवी नळी तापवून, रात्रभर पंप लावून कोरडीठाक केली. दुपारी पंप बंद केला की काटा पुन्हा हलायचा. खड्डा पुन्हा पडायचा.

आणि मग तिला ते दिसलं.

"पियूष, हा खड्डा रोज थोडा थोडा उथळ होतोय."

"म्हणजे?"

"मेलेल्याच्या अंगातलं पाणी बदलत नाही रे. हे बदलतंय. ज्या गतीनं उतरायला पाहिजे त्याच गतीनं उतरतंय." तिनं माझा हात धरला. "तो पाणी पितोय. त्याला घाम येतोय. तो जिवंत आहे."

मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिनं सगळं सांगितलं, रेघांचे कागद टेबलावर पसरले. तिथले साहेब भले माणूस होते. हसले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "मॅडम, तुमची मशीन पत्ता सांगते का?"

ताईनं कागद गोळा केले.

परत येताना माझ्या जीपमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आकाशातल्या ढगाचं तरी कळतं. दुर्बीण कुठे वळवली होती ते माहीत असतं. इथे मी काहीच वळवलेलं नाही. श्वास येतोय, पण कुठून येतोय हे त्यात नसतं."

त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नाहीत.

सकाळी आम्ही गाडी काढायचो. पुसद, महागाव, गुंज, वाटेतली खेडी, शेतातले गोठे, बंद पडलेल्या खोल्या. भाऊजींचा फोटो दाखवायचो. दुपारी परत येऊन ती नळीपुढे बसायची. खड्डा उथळ होत चालला होता. तिला माहीत होतं की एक दिवस तो माझ्या ओरखड्याएवढा होईल. मग भाऊजी जिवंत आहेत की नाहीत हे त्या यंत्रालाही ओळखता येणार नाही.

"काटा तर हलेल ना," मी म्हणायचो.

"हो. काटा हलेल."

तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीची दुपार. मी डबा घेऊन गेलो होतो. बाहेर ऊन चटकत होतं. कॉलेज सुटलेलं, सगळीकडे सामसूम.

ताईनं मला दारातच हातानं थांबवलं.

काटा वेगळाच हलत होता.

भरभर. वर-खाली, वर-खाली, वर-खाली.

नळीतला आवाजही वाढला होता. मला दारातून ऐकू येत होता. धाप लागल्यासारखा. मधेच काचेवर आतून काहीतरी खरवडल्यासारखं व्हायचं... पण नळीत काहीच नव्हतं. पारदर्शक, रिकामी नळी.

"साकेत," ताई म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी नळी धरली. गाल लावला. "साकेत, कुठे आहेस? साकेत, सांग ना रे... कुठे आहेस?"

काटा वर गेला.

खाली आला.

बराच वेळ तिथेच राहिला.

मग एकदा वर गेला... हळूहळू... आणि खाली आला.

आम्ही वाट बघत राहिलो. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. डबा तसाच राहिला. काटा परत हलला नाही.

ताई रडली नाही. तिनं यंत्र सुरू केलं, रेघ काढली. टोकापासून टोकापर्यंत सरळ.

"गेला," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव काकांचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी फोन घेतला आणि म्हणालं, "साकेत सापडला. घरीच."

घरीच.

फुलसावंगीच्या त्यांच्या घरात ओसरीला लागून कापसाची खोली आहे. आमच्याकडे शेतकरी भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात. ती खोली डिसेंबरातच भरली होती. छताला टेकेल इतकी. दाराला आडव्या फळ्या, वर कुलूप, कुलपाची चावी काकांच्या करदोट्याला. भाऊजी हरवल्यापासून त्या कापसाकडे कोणी पाहिलंही नव्हतं. महाशिवरात्र झाली आणि व्यापाऱ्याची गाडी आली. मजूर वरून कापूस काढू लागले.

अर्धी खोली रिकामी झाल्यावर एकाच्या हाताला केस लागले.

आम्ही पोचलो तेव्हा पोलीस आलेले होते. मी आत पाहिलं.

कापसाच्या ढिगात माणूस बसेल एवढी पोकळी होती. वरून वाट नाही, बाजूनं वाट नाही. वरचा कापूस डिसेंबरात तुडवला होता तसाच दबलेला होता, असं मजूर शपथेवर सांगत होते. त्या पोकळीत भाऊजी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. अंगात तोच निळा शर्ट. तीन आठवड्यांची दाढी.

नखांत कापूस होता.

दहाही बोटांच्या नखांत, घट्ट.

डॉक्टरांनी सांगितलं, श्वास कोंडून मृत्यू. आणि मृत्यूला दोन दिवसांपेक्षा जास्त झालेले नाहीत. काकांनी ते तीनदा विचारलं. डॉक्टरांनी तीनदा तेच सांगितलं. उपासमारीची खूण नाही, मार नाही, विष नाही. तीन आठवडे बंद खोलीत, अन्नपाण्यावाचून, कापसाच्या पोटात... आणि माणूस परवापर्यंत जिवंत होता.

पोलिसांनी घरच्यांना, मजुरांना, आम्हाला, सगळ्यांना उलटसुलट विचारलं. कोणाकडूनच काही निघालं नाही. ते आत गेले कसे, हेच कोणाला सांगता येईना.

अंत्यसंस्कार झाले. दुपारी बायका ओसरीत बसल्या होत्या. ताई एका कोपऱ्यात. शकुबाई काकू उठल्या, हळूहळू चालत तिच्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता परत ओरडतील.

त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मले आयकू येत होतं."

"काय, आई?"

"श्वास. या दाराले कान लावला की दुपारी आयकू ये. कोणी झोपलं हाय असा. मी तुह्या सासऱ्याले सांगतलं. हे म्हणे उंदरं असतीन. शेजारपाजारचे म्हणे, दुःखानं तिचं डोकं गेलं. मग मी सांगनंच सोडलं."

ताई त्यांच्याकडे वळली.

"कधी थांबला, आई?"

"शिवरातीच्या आदल्या दिवशी. भर दुपारी. लय जोरानं चालला होता... मंग थांबला. मले वाटलं, उंदरं मेले असतीन."

ताईनं डोळे मिटले.

एकीला श्वास कोणाचा ते माहीत होतं. दुसरीला तो कुठून येतो ते माहीत होतं. दोघींमध्ये जीपचा एका दिवसाचा प्रवासही नव्हता. तीन आठवडे दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

काकूंना ताईच्या नळीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ताईनं त्यांना ते आजवर सांगितलेलं नाही. मलाही सांगू दिलेलं नाही. काकूंनी डोकं ताईच्या खांद्यावर टेकलं, आणि ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

कापूस गेला. खोली झाडली, चुन्यानं पोतारली. दार सताड उघडं ठेवलं. एप्रिलच्या शेवटी काकूंचा ताईला फोन आला.

"पोरी... परत सुरू झाला."

"काय सुरू झालं, आई?"

"श्वास. खोली रिकामी हाय. तरी आयकू येऊन राह्यला. तू ये."

ताईनं एक काचेचा फुगा घेतला. नारळाएवढा, तोटी असलेला. त्यातली हवा पंपानं पूर्ण काढली, तोटी बंद केली आणि मला म्हणाली, "चल."

भर दुपारी आम्ही पोचलो. बाहेर वारा नव्हता. काका ओसरीत बसले होते, आत आले नाहीत. आम्ही तिघं खोलीत भिंतीला टेकून बसलो. चुन्याचा वास. एक रिकामी खोली, एक लहान झरोका, दुसरं काही नाही.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

आधी मला काहीच ऐकू आलं नाही.

मग आलं.

समोरच्या कोपऱ्यातून. सावकाश. आत... बाहेर. आत... बाहेर. नाकानं घेतलेला, जड, ओलसर श्वास. मी खोटं सांगत नाही. त्या उकाड्यात त्या कोपऱ्यातून दमट, कोमट झुळूक येत होती. पायाला जाणवत होती.

"माहा साकेत," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला बघवेना.

ताई गुडघ्यांवर सरकत कोपऱ्याजवळ गेली. फुगा पुढे धरला. तोटी उघडली. स्स्स... हवा आत शिरली. तिनं तोटी बंद केली.

त्या क्षणी श्वास थांबला.

जणू कोणीतरी दचकून तो रोखून धरला.

आम्ही उठून दाराबाहेर येईपर्यंत तो परत सुरू झाला नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी दारव्ह्याला ताईनं फुग्यातली हवा नळीत सोडली. मी शेजारी उभा होतो. तिनं आधी साध्या पाण्याची खूण काढली. खड्डा प्रचंड होता. कोरड्या उन्हाळ्यातल्या रिकाम्या खोलीत एवढी वाफ असायचं काही कारण नाही. तोंडाजवळ धरल्याशिवाय एवढी येत नाही.

मग तिनं जड पाण्याची जागा काढली.

ओरखडा. माझ्या श्वासात उठला होता तेवढाच.

ताईनं तीच रेघ पुन्हा काढली. मग म्हणाली, "हा साकेत नाही."

"ताई, पण आता दोन महिने होऊन गेले. त्यांच्या अंगातलं ते उतरलं असेल ना?"

"जिवंत असता तर उतरलं असतं. तो गेला त्या दिवशी जेवढं होतं तेवढं तसंच राहिलं असतं. मी तो आकडा विसरणार नाही." तिनं पडद्याकडे बोट केलं. "हे कधी नव्हतंच. हा दुसराच कोणीतरी आहे."

"कोण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीतीही नव्हती. काहीच नव्हतं.

"यंत्र फक्त एवढंच सांगतं की कोण नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकू होत्या. फोनवर त्यांचा आवाज थरथरत होता, पण आनंदानं.

"पाह्यलं का पोरी? त्योच हाय ना?"

ताई पडद्याकडे बघत होती. ती सरळ रेघ, तो ओरखडा. मी मान हलवत होतो, सांग, खरं सांग म्हणून. पलीकडे काकू श्वास रोखून थांबल्या होत्या.

"हो, आई," ताई म्हणाली. "साकेतच आहे."

नंतर ती मला म्हणाली, "त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?"

मी यूपीएस बंद केलं.

ताईनं ते यंत्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेला देऊन टाकलं. ती शिकवते, घरी येते, झोपते. दुर्बिणीवाल्यांच्या ईमेलना उत्तरं देत नाही. फुलसावंगीला तर ती त्यानंतर गेलेलीच नाही.

काकूंनी मात्र आपली खाट त्या खोलीत नेली. सुरुवातीला दुपारीच जायच्या. आता दिवसभर तिथेच असतात. जेवणही तिथेच मागतात.

परवा सदाशिवराव काकांचा मला फोन आला. शेतातली मोटर जळाली होती, त्याचं विचारायचं होतं. मोटरीचं बोलून झालं. तरी ते फोन ठेवेनात.

"काका, काकू कशा आहेत?"

"बरी हाय." मग थांबून म्हणाले, "खुश राहते. म्हणते, पोट्टा आता उठून बसते."



"काका... तुम्हाला येतो का हो आवाज?"

ते गप्प झाले. आणि त्या शांततेत मला फोनवर मागून काकूंचा आवाज ऐकू आला. लहान मुलाशी बोलतात तशा लाडानं बोलत होत्या. एक वाक्य बोलायच्या... थांबायच्या... हसायच्या... पुन्हा बोलायच्या.

उत्तर ऐकायला थांबतात, तितकाच वेळ थांबत होत्या.

"मी आता वावरातच राह्यतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.